अंगकाठीवाचक इंग्रजी विशेषणे

माणसाचा बारीकपणा, जाडपणा आणि बांधा सांगणाऱ्या इंग्रजी विशेषणांचा गट. कोशात ही एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी शेजारी दिलेली असतात, पण एकाच्या जागी दुसरे सहसा चालत नाही. शब्द किलोंवर कमी आणि इतर गोष्टींवर जास्त ठरतो : बोलणारा कौतुक करतो आहे की नावे ठेवतो आहे, वर्णन बाईचे, पुरुषाचे की मुलाचे, आणि डोळ्यांत भरते ते काय – चरबी, स्नायू, हाडे की उंची.

बारीकपणाच्या बाजूला ‘थिन’ सर्वांत तटस्थ. तरीही बऱ्याच दिवसांनी भेटलेल्याला ‘यू लुक थिन’ म्हटले, तर त्यात ‘बरे आहे ना?’ अशी काळजी ऐकू येते. ‘स्लिम’ ही शाबासकी. ‘स्लेंडर’ त्याहून नाजूक व थोडा साहित्यिक. तो बोटांना आणि मानेलाही लागतो. ‘स्किनी’ घरगुती आणि बहुधा टोचणारा, तर ‘स्क्रॉनी’मध्ये बारीकपणासोबत अशक्तपणा येतो (मराठीतला ‘काटकुळा’ याच्या जवळचा). ‘लीन’ म्हणजे चरबी नाही पण ताकद आहे : धावपटू ‘लीन’, आणि कमी चरबीचे मांसही ‘लीन’च. ‘वायरी’ म्हणजे काटक. ‘लँकी’ला उंची हवीच, लांब हातपाय आणि त्यांचा काहीसा अवघडलेपणा त्यात येतो. ‘गॉन्ट’ मुख्यतः चेहऱ्याचा : गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, मागे आजार किंवा उपासमार. ‘इमेशिएटेड’ डॉक्टरी अहवालात शोभतो. ‘हॅगर्ड’ मात्र या यादीत चुकून शिरतो. तो थकवा सांगतो, अंगकाठी नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीवर एक विशेषण व्याकरणातल्या तिन्ही पुरुषांत चालवून दाखवले होते : मी ठाम, तू हट्टी, तो अडेलतट्टू. तेच येथेही चालते : मी स्लेंडर, तू थिन, तो स्क्रॉनी.

जाडपणाच्या बाजूला गोंधळ जास्त, कारण सौम्य शब्द हवा म्हणून चुकीचा शब्द उचलला जातो. ‘प्लम्प’ आणि ‘चबी’ प्रेमाचे. बाळाच्या गालांना शोभतात, कार्यालयातल्या वरिष्ठांना नाही. ‘पोर्टली’ वयस्क, पोट सुटलेल्या, रुबाबदार पुरुषापुरता. तरुणीला लावला तर हसू होते. ‘बर्ली’ आडदांड, बळकट पुरुषाचा. ‘स्टॉकी’ बुटका पण रुंद, भक्कम. ‘बक्सम’ म्हणजे नुसती जाड बाई नव्हे. भरदार छाती हा त्याचा गाभा आहे. ‘स्टाउट’चा जुना अर्थ शूर, ताठ असा होता, जाडपणाचा अर्थ नंतर चिकटला आणि आज तो जुनाट वाटतो. ‘फॅट’ तोंडावर म्हटला तर अपमान, मात्र १९६९ पासून अमेरिकेत जाड माणसांच्या हक्कांची चळवळ करणाऱ्या एका संघटनेने तोच शब्द नावात अभिमानाने घेतला आहे. गंमत म्हणजे माणसांत विरुद्ध असलेले हे दोन शब्द ‘स्लिम चान्स’ आणि ‘फॅट चान्स’मध्ये एकाच अर्थावर येतात : शक्यता जवळजवळ नाही.

‘ओव्हरवेट’ आणि ‘ओबीस’ यांना मोजमाप आहे. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या निकषाने २५ पासून ओव्हरवेट, ३० पासून ओबीस. भारतीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या निकषांत हेच आकडे २३ आणि २५. त्यामुळे १६० सेंमी उंच, ६४ किलो वजनाची व्यक्ती (बीएमआय २५) एका कोष्टकात ओव्हरवेट, तर दुसऱ्यात ओबीस ठरते. वैद्यकीय लेखनात आता ‘ओबीस पेशंट’ऐवजी ‘पेशंट विथ ओबेसिटी’ लिहिण्याकडे कल आहे. गप्पांत मात्र ‘ओबीस’ हा ‘फॅट’चा सभ्य पर्याय नव्हे, तो निदानासारखा लागतो.

भारतीय इंग्रजीत, मराठी घरांतही, ‘हेल्दी’ म्हणजे जाड. ‘मुलगी जरा हेल्दी आहे’ हे लग्नाच्या बैठकीत सगळ्यांना कळते. लंडनमध्ये हेच वाक्य प्रकृती उत्तम असल्याची ग्वाही ठरेल. उलट ‘पेटीट’ आपल्याकडे नुसत्या बारीकसाठी वापरला जातो, पण तो लहान चणीच्या बाईचा शब्द आहे. अमेरिकी कपड्यांत ‘पेटीट’ माप साधारण ५ फूट ४ इंच किंवा कमी उंचीसाठी असते, म्हणून ‘प्लस पेटीट’ असेही कपडे मिळतात.