मार लागलेल्या उंदराची आठवण जाते कुठे?

चित्रपटात नायकाच्या डोक्याला मार लागतो आणि त्याला बायकोही ओळखू येत नाही. शेवटी पुन्हा मार लागतो आणि सगळं लख्ख आठवतं. यातला दुसरा मार साफ खोटा आहे. एकदा दुखावलेल्या मेंदूला पुन्हा धक्का बसला तर इजा वाढते, कधीकधी जीवावरही बेतते. पण 'गेलेली आठवण आत कुठेतरी शाबूत असते' ही त्यातली कल्पना मात्र उंदरांवरच्या प्रयोगांत चक्क खरी ठरली आहे. मला ती फार विलक्षण वाटते.

आठवण म्हणजे मेंदूत लिहिलेली ओळ नव्हे. एखादी गोष्ट शिकताना हिप्पोकॅम्पस या भागातल्या मोजक्या चेतापेशी एकत्र पेटतात आणि त्यांच्यातले जोड, म्हणजे सिनॅप्स, बळकट होतात. पुढे त्याच पेशी पुन्हा पेटल्या की ती गोष्ट आठवते. आठवणीच्या अशा ठशाला रिचर्ड सेमॉन यांनी 1904 मध्ये 'एनग्राम' असं नाव दिलं. पण लाखो पेशींतून नेमक्या त्याच पेशी शोधायच्या कशा?

इथे खरी गंमत आहे. पेशी जोरात काम करू लागली की तिच्यात आर्क, सी-फॉस अशी काही जनुकं थोडा वेळ जागी होतात. संशोधकांनी या जनुकांना जागं करणाऱ्या कळीला शेवाळातल्या एका प्रथिनाचं जनुक जोडलं. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातलं दार. निळा प्रकाश पडला की ते उघडतं, धन विद्युतभाराचे कण आत शिरतात आणि पेशी पेटते. म्हणजे शिकताना ज्या पेशी कामाला लागल्या, नेमक्या त्यांनाच प्रकाशाचं बटण बसतं. ते कधी बसवायचं हे औषध देऊन ठरवता येतं, त्यामुळे एका ठरावीक प्रसंगाच्याच पेशींवर खूण करता येते.

ठरावीक पेटीत पायाला सौम्य विजेचा झटका बसलेला उंदीर पुन्हा त्या पेटीत ठेवला की भीतीने जागीच थिजतो. थिजला म्हणजे त्याला आठवलं. 2012 मध्ये सुसुमु टोनेगावा यांच्या चमूने दाखवलं, की या पेशींवर प्रकाश टाकला तर उंदीर भलत्याच पेटीतही थिजतो.

आता डोक्याचा मार. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना एक भीतीचा प्रसंग शिकवला आणि मग आठवडाभर त्यांच्या डोक्याला वारंवार हलके धक्के दिले. धक्के न बसलेल्या उंदरांना तो प्रसंग आठवला, या उंदरांना नाही. मग लेसरने एनग्राममधल्या पेशी पेटवल्या आणि विसरलेले उंदीर थिजले! 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा अर्थ असा, की ठसा पुसला गेला नव्हता. त्या पेशींच्या सिनॅप्सची गरजेनुसार बदलण्याची क्षमता बिघडली होती, म्हणून त्या आपणहून पेटत नव्हत्या.

अशी बातमी आली की 'स्मृती परत आणणारा किरण' असे मथळे झळकतात आणि डोक्यावर दिवे लावणारी यंत्रं विकणाऱ्यांचं फावतं. या उंदरांच्या पेशींत परकं जनुक होतं आणि प्रकाश थेट मेंदूपर्यंत पोचवलेला होता. बाहेरून कपाळावर दिवा धरून यातलं काहीही होत नाही. शिवाय हे हलके, वारंवार बसलेले धक्के होते. जोराच्या आघातात पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी प्रकाशाने जाग्या होत नाहीत.

नवं शिकण्याचं काय? टिकाऊ आठवणीसाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात. पेशीवर ताण आला की प्रथिननिर्मितीला ब्रेक लागतो, आणि आघातानंतर हा ब्रेक आठवडेच्या आठवडे दाबलेला राहू शकतो. आयएसआरआयबी हा छोटा रेणू तो ब्रेक सैल करतो. 2017 च्या प्रयोगात इजा होऊन चार आठवडे उलटल्यावर तो उंदरांना दिला. औषध न मिळालेले जखमी उंदीर पाण्याच्या भुलभुलैयात बुडालेला ओटा शोधताना वारंवार चुकले. औषध मिळालेल्या जखमी उंदरांनी मात्र वाट शिकून घेतली, आणि औषध थांबल्यावरही ती त्यांच्या लक्षात राहिली.