कोड खुला आहे, पण आपल्या कोडात मिसळेल का?

देवगडच्या एखाद्या बागायतदारासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिलाय असं धरून चालू. वाशीला किती पेट्या गेल्या, कोणत्या दलालाने काय भाव लावला, हमाली-भाडं वजा जाता हातात काय पडलं, एवढाच त्याचा पसारा. लिहिणारे दोघे-तिघे, आणि त्यांनी तो जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली (परवाना म्हणजे कोड वापरण्या-वाटण्याच्या अटींचा कागद) खुला करून टाकलाय: कोड कुणीही घ्यावा, बदलावा, पण पुढे वाटताना संपूर्ण प्रोग्राम याच अटींवर द्यावा. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो होऊन येते आणि ऐन एप्रिलात रात्री बसून तिच्यातले आकडे हाताने भरायचा कंटाळा येतो. फोटोतली अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट फुकट मिळतं, मराठीही वाचतं. (पट्टी छापील असली तर. दलालाच्या हस्ताक्षरापुढे त्याचं काही चालत नाही.) ते ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जन्मलं, २००५ मध्ये खुलं झालं आणि त्याचा परवाना अपाची २.० आहे. मग घ्यावं जोडून, अडचण काय?

कुडाळ-कणकवलीकडच्या पोरांशी हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "कोड खुलो आसा मा, मगे कित्याक इचार करूचो?" प्रश्न वाजवी आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या गेल्यात. परवाना खुला असणं ही एक गोष्ट. तो दुसऱ्या परवान्याशी जुळणं ही दुसरी.

खुला आहे की नाही, हे एका परवान्याचा कागद वाचून ठरतं. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था १९९८ पासून हेच काम करते. तिच्या व्याख्येत दहा निकष आहेत: मूळ कोड मिळाला पाहिजे, त्यात बदल करायची आणि पुढे वाटायची मुभा पाहिजे, माणूस किंवा धंदा बघून भेदभाव नको, वगैरे. शेजारी दुसरा कोणता कोड आहे याच्याशी या तपासणीला देणंघेणं नाही. कधीकधी एकाच वाक्याने परवाना नापास होतो. जेसन या डेटाच्या मांडणीसाठी लिहिलेल्या काही जुन्या कोडाचा परवाना जवळजवळ शब्दशः एमआयटी या छोट्या, सैल परवान्याचाच होता. फक्त त्यात एक ओळ जास्त होती, की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. भावना उदात्त असली तरी ती वापरावरची अट झाली, म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन (जीपीएल लिहिणारी संस्था) हा परवाना मुक्त मानत नाही आणि अपाची फाउंडेशननेही २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांना त्याचा वापर बंद केला.

जुळतो की नाही, हे ठरवायला मात्र दोन कागद लागतात. प्रश्न असा: दोन्ही कोड एकत्र करून तयार झालेली वस्तू मी तिसऱ्या माणसाच्या हाती देताना दोन्ही परवान्यांच्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळू शकतो का? पाळता आल्या तर जुळले. एक पाळताना दुसरी मोडत असेल तर नाही, मग दोन्ही परवाने कितीही खुले असोत.

आता पट्टीकडे. जीपीएल आवृत्ती २ जून १९९१ ची. तिचं सहावं कलम सांगतं, की तुम्ही ज्याला प्रत द्याल त्याच्या हक्कांवर आणखी कसलंही बंधन घालायचं नाही. अपाची २.० जानेवारी २००४ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात पेटंटची अट आहे: या कोडाने माझं पेटंट मोडलं असा दावा घेऊन जो कोर्टात जाईल, त्याला या कोडासाठी मिळालेला पेटंटचा परवाना संपेल. अट समंजस आहे, पण जीपीएल २ च्या कागदावर ती नाही. म्हणजे तिच्या दृष्टीने ते 'आणखी बंधन' झालं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मतही हेच आहे, की अपाची २.० जीपीएल ३ शी जुळतो, जीपीएल २ शी नाही. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या ३(के) कलमाप्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, त्यामुळे ही भानगड इथे बसून फार लांबची वाटते. पण परवान्यातली अट देश बघून गळून पडत नाही, आणि प्रोग्राम इंटरनेटवर टाकला की तो देवगडात राहत नाही.

अटी एकत्र पाळता येत नसतील तर काय करायचं, हे जीपीएल २ चं सातवं कलम रोखठोक सांगतं: मग वाटूच नका. हा शब्द 'वाटू' महत्त्वाचा. तुम्ही दोन्ही कोड जोडून तुमच्याच बागेचा हिशेब तुमच्याच लॅपटॉपवर चालवलात तर कुणाचं काही म्हणणं नाही. जुळण्याचा प्रश्न उठतो तो शेजारच्या बागायतदाराला पेनड्राइव्हवर प्रत दिली की.

एवढ्यावर पुष्कळ जण टेसरॅक्टचा नाद सोडतील. त्याआधी आपल्याच फाइलच्या माथ्यावर काय लिहिलंय ते बघावं, कारण खरी गंमत तिथे आहे. 'जीपीएल आवृत्ती २' आणि 'जीपीएल आवृत्ती २ किंवा तुमच्या पसंतीची नंतरची कोणतीही' या दोन मजकुरांबरोबर येणारी परवान्याची फाइल अगदी तीच असते. फरक असतो तो प्रत्येक सोर्स फाइलच्या वरच्या दोन ओळींत, आणि त्या कुणी वाचत नाही. 'किंवा नंतरची' असं लिहिलं असेल तर तुम्ही २९ जून २००७ ला आलेली आवृत्ती ३ निवडता, तिच्यात अपाचीसारख्या अटींना जागा ठेवलेली आहे, आणि जोडलेला सगळा प्रोग्राम जीपीएल ३ खाली वाटता येतो. 'फक्त २' असेल तर दार बंद. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, 'फक्त २' वर आहे आणि ते जाणूनबुजून आहे. छोट्या प्रकल्पांत मात्र कुठूनतरी चिकटवलेल्या मथळ्यामुळे 'फक्त २' होऊन बसतं, कुणी ठरवलेलं नसतं.

जीपीएल २ आणि जीपीएल ३ एकमेकांशीही जुळत नाहीत, हे ऐकून लोक चमकतात. लिब्रेकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर जीपीएल २ वर. अशाच नकाशांच्या डीडब्ल्यूजी फाइल वाचणारी लिब्रेडीडब्ल्यूजी ही लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामात जोडायचा तयार कोड) जीपीएल ३ वर. एकाच घराण्याचे दोन परवाने, दोन्ही पक्के खुले, आणि गरज एकमेकांना पूरक. तरी त्यांना एकत्र येता आलं नाही.

खुलेपणाला दिशा नसते. जुळण्याला असते, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. एमआयटीचा कोड जीपीएलच्या प्रोग्रामात घेता येतो. जीपीएलचा कोड एमआयटीच्या प्रोग्रामात घेतलात तर एकत्रित प्रोग्राम जीपीएलच्या अटींवरच वाटावा लागतो. अपाचीतून जीपीएल ३ कडे जाता येतं, उलट येता येत नाही. त्यातही एक चूक सर्रास दिसते: एमआयटीची फाइल जीपीएल प्रकल्पात आणली की तिच्यावरचं मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर पुसून जीपीएलचा शिक्का मारायचा. त्या फाइलचा परवाना एमआयटीच राहतो. अख्खी वस्तू जीपीएलखाली जाते इतकंच. एमआयटीची जवळजवळ एकमेव अट तो मजकूर जपण्याची आहे, आणि नेमकी तीच मोडायची म्हणजे कमाल झाली.

मोठ्यांच्या घरातही हे सुटलेलं नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने ओपनसोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम सीडीडीएल या परवान्याखाली खुली केली, आणि झेडएफएस ही फाइल सिस्टिम त्यातलीच. सीडीडीएल म्हणतो, माझ्या फाइली माझ्याच अटींवर वाटा. जीपीएल म्हणतो, संपूर्ण वस्तू माझ्या अटींवर वाटा. उबुंटू या लिनक्सच्या अवताराने २०१६ मध्ये १६.०४ आवृत्तीत झेडएफएसचं तयार मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) कर्नलबरोबर दिलं. त्याने जीपीएल मोडतो असं सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने जाहीर म्हटलं, मोडत नाही असं उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीचं म्हणणं. सीडीडीएल ज्या मोझिला परवान्याच्या १.१ आवृत्तीवरून बेतला होता, त्याच मोझिला परवान्याने २०१२ च्या २.० आवृत्तीत जीपीएलशी जुळण्याची वाट स्वतःच्या मजकुरातच काढून ठेवली.

मग 'फक्त २' वाल्या पट्टीच्या प्रोग्रामला काय मार्ग? पहिला, मिसळूच नका, शेजारी ठेवा. टेसरॅक्ट लायब्ररी म्हणून आपल्या प्रोग्रामला न जोडता वेगळा प्रोग्राम म्हणून कमांड लाइनवरून, म्हणजे नुसती आज्ञा देऊन, चालवायचा. फोटो द्यायचा, मजकुराची फाइल घ्यायची. दोन स्वतंत्र प्रोग्राम एकाच पेनड्राइव्हवर दिले म्हणून त्यांचा एक प्रोग्राम होत नाही, हे जीपीएल स्वतःच मान्य करतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत यासाठी पायटेसरॅक्ट नावाची तयार लायब्ररी मिळते, पण तीही अपाची २.० खालीच आहे आणि ती मात्र तुमच्या प्रोग्रामातच जोडली जाते. म्हणजे मागच्या दाराने तोच पाहुणा. कमांड स्वतःच चालवावी, चार ओळींचं काम आहे. वेगळेपणाची रेषा नेमकी कुठे, यावर वकिलांचं एकमत नाही. फाइल देऊन फाइल घेणं रेषेच्या सुरक्षित बाजूला आहे, दोन्ही प्रोग्राम मेमरीतल्या आतल्या रचना एकमेकांशी वाटून घेऊ लागले की पाय घसरायला लागतो.

दुसरा मार्ग, आपलाच परवाना बदलायचा. लिहिणारे तिघेच असतील तर एका चहात होतं. पण ज्याने ज्याने कोड दिला, त्याच्या त्याच्या ओळींचा हक्क त्याचा असतो, हक्क लेखी सोपवलेला नसेल तर. मोठ्या प्रकल्पात याचं कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यासारखं होतं: नावं पंचवीस, अर्धी मंडळी मुंबईत, दोघे वारलेले आणि वारसांची नोंदच नाही, आणि सगळी जमीन विकायची तर एक सही राहिली तरी खरेदीखत अडतं. व्हीएलसी प्लेअरच्या मंडळींनी २०११ मध्ये त्याचं इंजिन जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सौम्य भावावर नेलं ते जुन्या लेखकांना शोधून, विचारूनच. ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या लायब्ररीचा जुना परवाना जीपीएलशी जुळत नसे, म्हणून कित्येक जीपीएल प्रोग्रामांना 'ओपनएसएसएलशी जोडायला आमची हरकत नाही' अशी वेगळी सवलत लिहावी लागायची. तिथेही वर्षानुवर्षं संमती गोळा करून शेवटी २०२१ मध्ये ३.० आवृत्ती आली, नव्या परवान्यासह. नवा परवाना कोणता? अपाची २.०. म्हणजे 'फक्त २' वाल्यांचं घोडं होतं तिथेच.

ज्याची संमती मिळत नाही त्याच्या ओळी काढून नव्याने लिहिणं हा उपाय आहे, आणि तो लोक करतातही.

पट्टीची पीडीएफ काढायची तर आणखी एक खड्डा आहे. पायथनमध्ये पीडीएफसाठी पायएमयूपीडीएफ झकास चालते, पण ती एजीपीएलखाली (जीपीएलचाच भाऊ, पण सर्व्हरवरच्या वापरापर्यंत पोचणारा) आहे, नाहीतर पैसे मोजून वेगळा परवाना घ्यायचा. एजीपीएल पूर्णपणे खुला परवाना आहे. जीपीएल ३ शी तो जोडता येतो, तशी सोय दोन्हींच्या तेराव्या कलमात आहे. जीपीएल 'फक्त २' शी नाही. आणि वर मी म्हटलं, की जुळण्याचा प्रश्न वाटप केल्यावर उठतो, ते इथे पुरत नाही: बदललेला प्रोग्राम सर्व्हरवर ठेवून तालुक्यातल्या बागायतदारांना ब्राउझरमधून वापरायला दिलात, तरी त्यांना मूळ कोड मिळण्याची सोय करावी लागते. त्यापेक्षा रिपोर्टलॅब घ्या, बीएसडी परवाना आहे, कुणाशी भांडत नाही. देवनागरी फॉन्टच्या परवान्याचं टेन्शन नको. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, तो प्रोग्रामबरोबर देता येतो आणि तुमच्या पीडीएफवर त्याची कसलीही अट येत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेल्या कोडाच्या तुकड्यांचं काय, हे कुणी विचारतच नाही. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए (लेखकाचं नाव द्या, त्याच अटींवर पुढे द्या) या परवान्याखाली असतो. त्याची ४.० आवृत्ती जीपीएल ३ कडे नेता येते, ८ ऑक्टोबर २०१५ पासून तशी अधिकृत परवानगी आहे. तीही एकाच दिशेने. २ कडे नेता येत नाही. दोन ओळींसाठी कुणी अंगावर येणार नाही, पण पन्नास ओळींचं फंक्शन जसंच्या तसं घेण्यापेक्षा उत्तर समजून घेऊन आपल्या हाताने लिहावं.

आणि परवान्याची फाइलच नसेल, कोड नुसता सगळ्यांना दिसतोय, तर? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्क लिहिल्या क्षणापासून लेखकाचा असतो, नोंदणी लागत नाही. तिथे जुळण्याचा प्रश्न येण्याआधीच गाडी थांबते, कारण तो कोड खुलाच नाही. लेखकाला सरळ लिहून विचारावं. बऱ्याचदा माणूस फाइल टाकायला विसरलेला असतो. आणि विचारताय तर तेव्हाच सांगा की आमचा प्रोग्राम 'फक्त २' आहे, म्हणजे तो भल्या मनाने अपाची टाकून मोकळा व्हायचा नाही.