स्कीची सुट्टी ठरवताना आधी गावाचं वय बघा

आल्प्समध्ये स्कीला जायचं ठरलं की बहुतेक जण हॉटेलचे दर, फोटो आणि ‘एकूण इतके किलोमीटर उतार’ हा आकडा बघतात. त्याआधी विचारायला हवं ते हे, की गाव कधी वसलं आणि कशासाठी? खोलीचा आकार, बर्फाची शाश्वती, शनिवारीच येण्याची अट, अशा बऱ्याच गोष्टींचं मूळ त्या उत्तरात सापडतं.

सर्वांत जुन्या ठिकाणांचा सुरुवातीला स्कीशी संबंधच नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झचा हॉटेलमालक योहान्स बाडरुट याने 1864 मध्ये उन्हाळ्यातल्या चार इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. ते नाताळला आले ते ईस्टरलाच परतले, असं सांगतात. दावोसला क्षयरोगी कोरड्या थंड हवेसाठी येऊन राहत. पाहुण्यांची करमणूक म्हणजे स्केटिंग आणि घसरगाडी. स्की आली ती नॉर्वेहून, तीही नंतर. पुढे रेल्वे हिवाळ्यातही चालू राहू लागली आणि म्यूरेन, वेंगेन, झेरमाटसारख्या गावांचा दुसरा हंगाम सुरू झाला. आजही या तिन्ही ठिकाणी खासगी मोटार नेता येत नाही, शेवटचा टप्पा रेल्वेने किंवा रोपवेने गाठावा लागतो. सामान त्या बेताने भरावं आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते विमानाचं तिकीट काढण्याआधी बघावं.

जुनी गावं दरीत आहेत, कारण शेती, बाजार आणि रस्ता तिथेच होता. ऑस्ट्रियातलं किट्झब्यूल जेमतेम 760 मीटरवर आहे. अशा ठिकाणी डिसेंबरात किंवा मार्चअखेर वर बर्फ आणि गावात चिखल असं होऊ शकतं. मग संध्याकाळी स्की करत दारापर्यंत येण्याऐवजी गोंडोलाच्या, म्हणजे बंद पाळण्यांच्या रोपवेच्या, रांगेत उभं राहावं लागतं. तरी नुसत्या उंचीवरून गाव बाद करू नये. खालचे उतार कुरणांचे असतात, ते फूटभर बर्फातही झाकले जातात. उंचावरच्या खडकाळ उतारांना मीटरभर थर लागतो.

उतारावरून वर नेणारी लिफ्ट आली आणि चित्र पालटलं. तोवर स्कीच्या तळाला सीलचं कातडं बांधून चढायचं, म्हणजे दिवसात एखाद-दुसरा उतार पदरात पडायचा. एर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्याची ओढलिफ्ट, म्हणजे स्कीवर उभ्या माणसाला दोराने वर ओढून नेणारी यंत्रणा, 1934 मध्ये दावोसला सुरू झाली. दोन वर्षांनी अमेरिकेत, युनियन पॅसिफिक रेल्वेने वसवलेल्या सन व्हॅलीत, पहिली खुर्चीलिफ्ट आली. तिचा आराखडा करणाऱ्या जेम्स करन यांनी जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रणेवर काम केलं होतं. घड अडकवायच्या हुकाच्या जागी खुर्ची लावली, एवढाच काय तो फरक. ओढलिफ्ट अजूनही अनेक ठिकाणी आहे आणि नवखा माणूस तिथेच हमखास पडतो, कारण तो आडव्या दांड्यावर बसायला जातो. दांडा मागून ढकलण्यासाठी असतो. पाय ताठ ठेवून उभंच राहायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने उलट वाट धरली. गावाला लिफ्ट जोडण्याऐवजी जिथे बर्फ टिकतो तिथेच गाव उभारायचं. 1946 मध्ये कूर्शवेलचं काम सुरू झालं. 1960 नंतर सरकारी पाठबळाने ला प्लान्य, आव्होरियाझ, लेझार्क ही ठिकाणं 1600 ते 2000 मीटरवर उभी राहिली, पाठोपाठ 2300 मीटरवरचं व्हाल थोरॉन्स. इथे दारातूनच स्की बांधता येते. किंमत मोजावी लागते ती जागेत. कमी इमारतींत जास्तीत जास्त खाटा बसवायच्या, हे धोरणच होतं. त्यामुळे जाहिरातीत ‘चार जणांसाठी’ लिहिलेल्या त्या काळच्या स्टुडिओत दोघं बैठकीच्या सोफ्यावर झोपतात आणि दोघं दरवाज्यालगतच्या बिनखिडकीच्या कोनाड्यात, एकावर एक पलंगावर. चौरस मीटर बघूनच आरक्षण करावं. चौघांना पंचवीस म्हणजे ओले बूट कुठे ठेवायचे यावरून रोज कुरबूर. नावातल्या आकड्यावरही विसंबू नये. ‘कूर्शवेल 1850’चं केंद्र प्रत्यक्षात शंभरेक मीटर खाली आहे. 2011 मध्ये तो आकडा नावातून वगळला गेला.

शनिवार ते शनिवार हा नियमही या आठवडी भाड्याच्या घरांनी पक्का केला. मालकाला सफाई एकाच दिवशी उरकता येते. पाहुण्यांना मात्र त्या दिवशी घाटरस्त्यावर तासन्‌तास अडकावं लागतं. फेब्रुवारी तर सर्वांत वाईट. फ्रान्समधल्या शाळांचे तीन विभाग पाडून हिवाळी सुट्टी साधारण चार आठवड्यांत विभागली जाते, त्यात ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या सुट्ट्यांची भर पडते. दर आणि रांगा दोन्ही तेव्हाच शिगेला पोहोचतात. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून आधी ते वेळापत्रक बघावं आणि मगच रजा टाकावी. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा स्वस्त पडतो, पण दिवस लहान आणि गारठा कडक. मार्चात ऊन असतं. सकाळी पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी मऊ पडतात, तेव्हा सुरुवात तिथून करावी, नाहीतर रात्री गोठलेल्या कडक थरावर पहिला तास निव्वळ खरडण्यात जातो.

स्की शिकवणारे गटवर्ग रविवारी किंवा सोमवारीच का सुरू होतात, हेही यातूनच कळतं. ऑस्ट्रियातल्या सेंट आंटोनच्या हानेस श्नायडर याने 1920 च्या दशकात शिकवण्याची पायरीवार पद्धत रुजवली. आधी स्कीची टोकं जवळ आणून वेग रोखणं, मग वळण, मग समांतर स्की, आणि विद्यार्थ्यांचे कुवतीनुसार गट. बुधवारी पोहोचणाऱ्या नवख्याला बसवायला गटच उरत नाही. त्याला महागडी खासगी शिकवणी घ्यावी लागते.

स्कीचा पास, म्हणजे लिफ्ट वापरायचं तिकीट, पूर्वी लिफ्टगणिक असे. 1974 मध्ये इटलीच्या डोलोमिटी डोंगरांतल्या अनेक खोऱ्यांनी मिळून एकच पास काढला आणि ‘शेकडो किलोमीटर’चा मोह तेव्हापासून वाढला. पहिल्याच आठवड्यात मोठा पास घेणं म्हणजे पैसे पाण्यात. नवख्याला दोन-चार सोपे उतार पुरतात आणि अनेक ठिकाणी फक्त शिकाऊ लिफ्टचा स्वस्त पास मिळतो. उतार किती अवघड ते रंगावरून सांगतात, पण हे रंग सगळीकडे सारखे नाहीत. युरोपात सोप्याकडून अवघडाकडे निळा, लाल, काळा. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा, आणि लाल नाहीच. दर्जा त्या त्या डोंगरापुरताच ठरवलेला असतो, त्यामुळे एका गावातला निळा दुसऱ्या गावातल्या लालइतका अवघड निघू शकतो.

भाड्याच्या साहित्यात घाई नडते ती बुटांत. सैल बूट दुकानात बरे वाटतात, पण उतारावर पाय पुढे सरकतो, बोटं आदळतात आणि आवळून बांधल्यावर बधिर होतात. एकच पातळ मोजा घालावा. उभं असताना बोटांची टोकं पुढे टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. दुसरं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी बांधणी. पूर्वी बूट स्कीला जखडलेला असे आणि पडलं की पाय मोडे. 1937 च्या सुमारास जालमार व्हाम याने स्वतःचा पाय मोडल्यानंतर पडताना सुटणारी बांधणी बनवली. आज ती कितीशा जोरावर सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतं. वजन कमी सांगितलं तर ती नको तेव्हा सुटते, कौशल्य फुगवून सांगितलं तर हवी तेव्हा सुटत नाही आणि गुडघा जायबंदी होतो.

कृत्रिम बर्फ 1950 पासूनचा, अमेरिकेतल्या कनेटिकटमधला. दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र फवारलं की थेंब जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. मात्र थंडीबरोबर हवा कोरडीही लागते. ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापीवर दिसणारं तापमान, साधारण उणे दोनच्या खाली हवं. म्हणूनच दमट, उबदार डिसेंबरात बर्फ फवारणाऱ्या तोफा नुसत्या उभ्या राहतात, हातात पैसा असूनही.

शेवटचा विषय हिमस्खलनाचा. 1950-51 च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक माणसं दगावली. फेब्रुवारी 1999 मध्ये ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावावरच बर्फ कोसळला. 1993 पासून युरोपात धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी आहे. पाचांपैकी तीन म्हणजे मध्यम, असा सोयीचा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे, कारण धोका पायरीगणिक झपाट्याने वाढतो आणि अपघाती मृत्यूंचा मोठा वाटा तिसऱ्याच पायरीवरचा आहे. खांब लावून आखलेल्या उताराबाहेर गेलं की राखणीची जबाबदारी संपते. विम्यात ‘आखलेल्या मार्गाबाहेर’ आणि ‘हेलिकॉप्टरने सुटका’ हे दोन्ही शब्द आहेत का ते पैसे भरण्याआधी वाचावं. दरीच्या टोकाच्या गावात रस्ता एक-दोन दिवस बंद पडू शकतो, म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र खाली, विमानतळाजवळ काढलेली बरी.