द ॲडमिरेबल क्रायटन : बेटावरची उतरंड

'द ॲडमिरेबल क्रायटन' हे जे. एम. बॅरी यांचे चार अंकी विनोदी नाटक. पहिला प्रयोग ४ नोव्हेंबर १९०२ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये झाला. जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज उमराव कुटुंबात मालक कोण आणि चाकर कोण हे कशावर ठरते, हा त्याचा विषय.

लॉर्ड लोम समतेचे भोक्ते. महिन्यातून एकदा नोकरांना दिवाणखान्यात बोलावून चहा पाजायचा, आणि तो त्यांच्या तीन मुलींनी आपल्या हाताने द्यायचा, असा त्यांचा नेम. या सोहळ्याने सर्वांत अवघडतो तो बटलर क्रायटन. माणसांत वरच्या-खालच्या पायऱ्या असायच्याच, अशी त्याची श्रद्धा. सफरीवर लॉर्डसाहेबांचा खासगी चाकर म्हणून जायचे तर तेही त्याला बटलरच्या पदावरून एक पायरी खाली उतरणे वाटते.

बेटावर सत्ता हातची जाते ती भांडणाने नाही, भुकेने. क्रायटनचा वरचष्मा न सोसून मंडळी त्याला सोडून निघून जातात. रात्री चुलीवरच्या हंडीचा वास दरवळतो आणि एकेक जण अंधारातून मुकाट परत येतो. सर्वांत शेवटी थोरली मुलगी, मानी लेडी मेरी. दुसरा अंक इथेच संपतो. नाटकातला सर्वांत पक्का प्रसंग हाच, कारण इथे कोणी भाषण करत नाही.

दोन वर्षांनी क्रायटन 'गव्हर्नर' झालेला असतो. लेडी मेरी 'पॉली' बनून त्याचे पान वाढते, आणि ते काम आपल्याकडे आले याचा तिला अभिमानही असतो. लॉर्ड लोमच्या नात्यातल्या, चटपटीत वाक्ये फेकणाऱ्या अर्नेस्टची खोड त्याचे डोके बादलीत बुचकळून मोडलेली असते. म्हणजे उतरंड मोडत नाही, उलटी होते. बॅरींना समतेचा पुरस्कर्ता समजणाऱ्यांची इथेच गफलत होते. क्रायटन आणि पॉलीचे लग्न ठरते आणि तेवढ्यात जहाजाच्या तोफेचा आवाज येतो. संकेताचे दिवे पेटवणारी कळ क्रायटन स्वतःच ओढतो. सुटकेसाठी लोक येतात तेव्हा तो पुन्हा बटलर असतो.

लंडनला परतल्यावर अर्नेस्ट पुस्तक लिहून सगळे श्रेय स्वतःकडे घेतो. लेडी मेरीचे लग्न आता लॉर्ड ब्रॉकलहर्स्टशी व्हायचे असते; तिची ही होऊ घातलेली सासू क्रायटनची उलटतपासणी घेते: बेटावर सगळे समान होते का? इतर कुठे असते तितकीच कमी समता तिथेही होती, असे तो सांगतो. नोकरांचे काय, तर त्यांना आपल्या पायरीनेच राहावे लागे. यातला एकही शब्द खोटा नसतो.