कुलोंच्या कालव्यांत होडीने: निघण्याआधी एवढं वाचा

आमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘हिरवं व्हेनिस’ असं छापलंय, आणि ते वाचून बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर इटलीतलं व्हेनिस येतं. तेव्हा आधीच सांगून ठेवतो: इथे राजवाडे नाहीत आणि गाणारे नावाडीही नाहीत. पश्चिम फ्रान्समधल्या मारे प्वात्व्हँ या दलदलीच्या प्रदेशातलं कुलों हे लहानसं गाव आहे. गावाला लागून सेव्हर निओर्तेझ नदी वाहते आणि पलीकडे झाडांच्या कमानीखालून अरुंद कालवे जातात. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून निओरपर्यंत वेगवान रेल्वेने यायचं, तिथून पुढे दहा-बारा किलोमीटर बसने.

पाणी घाण नाही

गेल्या वर्षी एक काका धक्क्यावरच थांबले. “अहो, हे तर डबकं आहे!” म्हणाले. उन्हाळ्यात कालवा हिरव्या गालिच्यासारखा दिसतो खरा, पण ते शेवाळ नव्हे. ओंजळीत पाणी घेऊन बघा: टिकलीपेक्षाही लहान, गोल पानं सुटी-सुटी तरंगत असतात आणि प्रत्येकाखाली केसाएवढं मूळ लोंबतं. होडी पुढे गेली की मागे काळ्या पाण्याची रेघ उमटते आणि मिनिटभरात पुन्हा मिटून जाते. काकांनी नंतर त्याचेच सर्वांत जास्त फोटो काढले.

हे कालवे आले कुठून

या जागी एके काळी समुद्राची खाडी होती. ती हळूहळू गाळाने भरत गेली. मध्ययुगात पाच मठांच्या साधूंनी मिळून पाण्याचा निचरा करण्यासाठी मोठा कालवा खणायला घेतला. त्याची परवानगी 1217 मधली आहे आणि कालव्याचं नाव आजही ‘पाच मठाधिपतींचा कालवा’ असंच आहे. पुढे सतराव्या शतकात हॉलंडकडची माणसं आणि त्यांची विद्या कामी आली. कोकणात खारबंदिस्ती पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही: बांध घाला, झडपा बसवा, खारं पाणी बाहेर ठेवा. समुद्राकडचा भाग असा कोरडा करून शेतीला घेतला. आपण जातो तो आतला ओला भाग, हिवाळ्यात नदीचं जादा पाणी पोटात घेणारा.

काठावरची बुटकी, डोकं छाटलेली झाडं अ‍ॅशची. दर काही वर्षांनी फांद्या तोडून सरपण करायचं, खोड तसंच ठेवायचं, अशी जुनी पद्धत. त्यांच्या मुळांनीच काठ धरून ठेवलाय. अलीकडे त्यांना बुरशीचा रोग लागलाय. वाळलेली झाडं दिसतील.

शेजारच्या ला गारेत गावातल्या जुन्या घरांना दोन दारं आहेत, एक रस्त्यावर आणि एक कालव्यावर. गायी, गवत, लाकूड सगळं पूर्वी होडीतूनच जायचं, त्यामुळे मागचं दार हेच खरं पुढचं.

नावाडी घ्यावा की स्वतः वल्हवावं?

आमचं मत स्पष्ट आहे: पहिली फेरी नावाड्याबरोबरच करा. त्याचे पैसे सहलीच्या शुल्कात धरलेले आहेत. होडी सपाट तळाची असते. ती तळाला टेकवायच्या लांब काठीने, ‘पिगुई’ने, पुढे रेटतात, किंवा आखूड वल्ह्याने चालवतात. शिवाय आगीची गंमत नावाडीच दाखवतो. काठीने तळाचा गाळ ढवळला की बुडबुडे येतात. लायटर धरला की पाण्यावर क्षणभर ज्वाळा पळते. तळाशी पानं कुजून झालेला हा मिथेन. आपल्या गोबर गॅसचंच भावंड! मुलांना आधी सांगू नका.

दुसरी फेरी हवी तर स्वतः करा, त्याचे पैसे तिथेच द्यायचे. नकाशा मिळतो, पण कालवे सगळे सारखेच दिसतात. आम्ही दोघे पहिल्यांदा गेलो तेव्हा एकाच पुलाखालून तीनदा गेलो.

होडीत चढताना पाय मधोमध ठेवा, एका वेळी एकच जण. फोटोसाठी उभं राहायचं नाही. डासांचं मलम जवळ असू द्या.

जेवण

इथली पांढऱ्या घेवड्याची उसळ, ‘मोजेत’, शाकाहारी वाटते, पण बहुतेकदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मागवताना “सां व्यांद” म्हणजे ‘मांसाशिवाय’ असं म्हणा आणि आमच्या प्रतिनिधीकडून खात्री करून घ्या. ‘तुर्तो फ्रोमाजे’ हा चीजचा केक वरून कोळशासारखा काळा असतो. करपलाय म्हणून परत पाठवू नका, तो तसाच करतात. आत मऊ आणि पिवळसर असतो. त्यात अंडं असतं.

कुलोंमधल्या बहुतेक होड्या हिवाळ्यात बंद असतात, म्हणून हा दिवस आम्ही एप्रिल ते सप्टेंबरच्या सहलींतच ठेवतो. हलका पाऊस आला तर फेरी होते. छत्री नको, रेनकोट आणा. नावाड्याला पुढचं दिसलं पाहिजे.