मेल सर्व्हर : होस्टनेम व डीएनएस नोंदी

ई-मेलची ने-आण करणाऱ्या सर्व्हरला पूर्ण नाव (होस्टनेम) देणे आणि ते नाव व त्याचा आयपी पत्ता यांचा मेळ डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या इंटरनेटवरील यंत्रणेत) नोंदवून ठेवणे, या कामाचा विचार या नोंदीत केला आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कारखानदाराने सर्व्हर स्वतःच्या कचेरीत चालवला काय, किंवा महापे, रबाळे, ऐरोली येथील डेटा सेंटरमध्ये ठेवला काय, नियम तेच लागू होतात.

डोमेनच्या नावे आलेली मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायची, हे एमएक्स नोंद सांगते. १९८६च्या आरएफसी ९७४ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजात तिचे नियम मांडले गेले. तिच्यात आयपी पत्ता नव्हे, तर सर्व्हरचे नाव लिहावे लागते. त्या नावाला स्वतःची ए किंवा एएएए नोंद (नावाचा अनुक्रमे आयपीव्ही४ वा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी) हवी, सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) चालत नाही. एमएक्स अनेक असल्यास प्रत्येकीला प्राधान्याचा आकडा असतो, आणि लहान आकड्याच्या सर्व्हरकडे मेल आधी नेतात.

एवढ्याने मेल येऊ लागते, आणि काम झाले असा समज होतो. खरी अडचण जाणाऱ्या मेलची असते. समोरचा सर्व्हर जोडणी करणाऱ्याच्या आयपीवरून नाव शोधतो, ते नाव पुन्हा त्याच आयपीकडे नेते का ते पाहतो, आणि मेळ नसल्यास मेल नाकारतो किंवा स्पॅममध्ये टाकतो. आयपी २०३.०.११३.२५ असेल, तर हा शोध २५.११३.०.२०३.इन-ॲडर.अर्पा अशा उलट क्रमाने होतो आणि पीटीआर नोंदीपाशी (आयपीवरून नाव सांगणाऱ्या नोंदीपाशी) थांबतो. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये भरून सहसा उपयोग होत नाही. ज्याच्याकडून आयपी घेतला, त्या सेवादात्यानेच ती करायची असते. म्हणून स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीच्या अर्जातच पीटीआरची मागणी लिहावी. एहलो (जोडणीच्या सुरुवातीचा ओळख देणारा संदेश) म्हणताना सर्व्हरने सांगितलेले नावही हेच असावे, तेथे ‘लोकलहोस्ट.लोकलडोमेन’ राहून जाणे ही नेहमी आढळणारी चूक होय.

डोमेनतर्फे कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावी हे डीएनएसमधली एसपीएफ नोंद सांगते. तिच्या तपासणीत डीएनएस शोध घडवणाऱ्या घटकांची मर्यादा १० आहे. डीकेआयएम म्हणजे गुप्त किल्लीने केलेली मेलवरील डिजिटल सही, तर दोन्ही तपासण्या फसल्यास काय करावे हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वा अधिक मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. पीटीआर मात्र सर्वांनाच लागते.

कचेरीतला सर्व्हर डेटा सेंटरमध्ये हलवताना ए नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती काळ साठवून वापरावी तो अवधी) ८६,४०० सेकंदांचा असेल, तर तो निदान एक दिवस आधी ३०० वर आणावा, नवा आयपी एसपीएफमध्ये आधीच घालावा, नव्या सेवादात्याकडून पीटीआर करून घ्यावी आणि जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवावा. डीकेआयएमच्या किल्लीचा आयपीशी संबंध नसल्याने ती जुन्या सर्व्हरवरून जशीच्या तशी उचलून आणता येते.