दुर्बळ व सशक्त (ख्रिस्ती आचार)

पवित्र शास्त्रात ज्या गोष्टीची स्पष्ट आज्ञा नाही आणि मनाईही नाही, तिच्याबाबत ख्रिस्ती माणसांनी एकमेकांच्या वेगळ्या निर्णयाशी कसे वागावे, याविषयीची शिकवण. मुख्य आधार रोमकरांस पत्र 14:1 ते 15:13 आणि करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 8 ते 10. बोलण्यात ती बहुधा ‘दोष लावू नका’ (मत्तय 7:1) या एका वचनात गुंडाळली जाते, पण त्या वचनाचा रोख वेगळा आहे. तेथे स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढून मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला सांगितले आहे; म्हणजे कुसळ काढण्याचे काम रद्द झालेले नाही. रोमकरांस पत्रात मात्र प्रश्न कुसळाचा नाहीच. तेथे दोघांचेही डोळे ठीक आहेत असे धरून ही दोन्ही पत्रे लिहिणारा प्रेषित पौल बोलतो.

संज्ञा. पौलाने दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या मनाया केल्या आहेत. जो सर्व काही खातो (सशक्त) त्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये (ग्रीक एक्सूथेनेओ), आणि जो मांस खात नाही (दुर्बळ) त्याने खाणाऱ्याला दोष लावू नये (क्रिनो). दोन क्रियापदे मुद्दाम वेगळी ठेवलेली दिसतात, आणि 14:10 मध्ये ती पुन्हा त्याच भेदाने येतात. मोकळ्या माणसाचा दोष उपहासाचा आणि कडक माणसाचा दोष निवाड्याचा, अशी ही वाटणी आहे. ‘जवळ करा’ (14:1) यासाठीचे क्रियापद प्रोसलांबानोमाई हे केवळ खपवून घेण्याचे नव्हे, तर घरात व पंगतीत घेण्याचे आहे. ‘अडखळण’ म्हणजे स्कांदालोन, मुळात सापळ्याची कळ. ‘सदसद्विवेकबुद्धी’ (सिनेदेसिस) हा शब्द करिंथकरांच्या पत्रात वारंवार येतो, पण रोमकरांच्या 14 व्या अध्यायात एकदाही येत नाही. तेथे त्याचे काम ‘विश्वास’ (पिस्तिस) हा शब्द करतो, म्हणून 14:23 चा (‘जे विश्वासाने नाही ते पाप’) अर्थ लावताना गोंधळ होतो. त्या वचनातला ‘विश्वास’ तारणाचा नसून ‘हे मी देवापुढे करू शकतो’ या खात्रीचा आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘दुर्बळ’ कोण होते? यावर बराच वाद आहे. पत्र सामान्यतः इ.स. 56 ते 58 च्या सुमारास, बहुधा करिंथहून लिहिलेले मानतात. रूढ मत असे की दुर्बळ म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातील आहारनियम व सण पाळणारे यहूदी ख्रिस्ती. क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोममधून घालवले (प्रेषितांची कृत्ये 18:2, ही घटना बहुधा 49 ची). पुढे ते परतले तेव्हा मंडळी (चर्च) विदेश्यांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, हाती गेलेली होती आणि त्यातून हा तंटा उभा राहिला, असा हा तर्क. याला 14:14 मधील कोइनोस या शब्दाचा भक्कम आधार आहे, कारण ‘अशुद्ध’ या अर्थी तो यहूदी व्यवहारातला खास शब्द आहे.

अडचण भाजीपाल्याची. नियमशास्त्र मांस वर्ज्य करत नाही, द्राक्षारसही नाही. तरी 14:2 मधला दुर्बळ माणूस फक्त भाजी खातो आणि 14:21 मध्ये द्राक्षारसाचा उल्लेख येतो. म्हणून काहींनी दुर्बळांचा संबंध मांस वर्ज्य मानणाऱ्या पायथागोरसपंथी विरक्तीशी जोडला. रोममध्ये शाकाहार अपरिचित नव्हता. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने तरुणपणी सुमारे वर्षभर मांस सोडले होते आणि परकीय पंथाचा संशय येऊ नये म्हणून पुन्हा सुरू केले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. रूढ मताचे उत्तर असे की परक्या शहरात शुद्ध मांसाची खात्री नसली की यहूदी माणूस सरळ मांसच टाळी. दानिएलाच्या पहिल्या अध्यायात हेच आहे, आणि रोमला कैदी म्हणून पाठवलेले याजक अंजिरे व अक्रोडांवर राहिले, अशी नोंद यहूदी इतिहासकार जोसिफसने केली आहे. हे उत्तर पुरेसे दिसते.

अभ्यासकांपैकी पॉल मिनिअर यांनी रोममध्ये दोन नव्हे तर पाच गट कल्पिले. रॉबर्ट कॅरिस यांच्या मते विशिष्ट तंटा नव्हताच. पौल करिंथमधला अनुभव सर्वसाधारण उपदेश म्हणून मांडत होता. मार्क नॅनोस यांनी दुर्बळ म्हणजे ख्रिस्तावर विश्वास न ठेवणारे यहूदी असे सुचवले, पण 14:6 ते 9 मधील ‘प्रभूकरिता’ या शब्दांशी ते जुळवणे कठीण जाते. हस्तलिखितांतही गुंतागुंत आहे. पत्राच्या शेवटची स्तुती (16:25-27) अनेक हस्तलिखितांत 14:23 नंतर येते, तर पपायरस 46 या जुन्या हस्तलिखितात 15 व्या अध्यायानंतर. पाखंडी ठरलेल्या मार्सियनने 14:23 पुढचा भाग छाटला, असे प्राचीन भाष्यकार ओरिगेन सांगतो. परिणामी काही प्राचीन वाचकांपुढे हा विषय 15:7 शिवाय, म्हणजे ‘ख्रिस्ताने तुम्हाला जवळ केले तसे’ या कारणाशिवाय आला असावा.

करिंथचे चार प्रसंग. रोमकरांच्या पत्रात तत्त्व आहे, करिंथकरांच्या पत्रात व्यवहार; तेथे प्रश्न मूर्तीला दाखवलेल्या मांसाचा आहे. मांस बाजारात (माकेलोन) विकत घेतले तर चौकशी न करता खावे (10:25). अविश्वासू माणसाने जेवायला बोलावले तर वाढलेले खावे (10:27). कोणी ‘हे देवाला दाखवलेले आहे’ असे सांगितले तर खाऊ नये. तेही स्वतःच्या नव्हे, तर सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी (10:28-29). मूर्तीच्या देवळातल्या पंगतीला बसू नये (8:10, 10:21). आठव्या अध्यायात ही पंगत केवळ भावाला अडखळण म्हणून गैर, तर दहाव्यात मुळातच गैर, असा फरक दिसतो. पौल आधी प्रीतीचे कारण देतो व मग मुख्य मनाई सांगतो, हे स्पष्टीकरण बहुतेकांना पटते.

मर्यादा. ही सवलत सगळीकडे लागू होत नाही. पेत्र विदेश्यांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला (गलतीकर 2:11-14), कारण तेथे वैयक्तिक खात्री इतरांवर अट म्हणून लादली जात होती. त्याच कारणाने आपल्या साथीदारांपैकी तीमथ्याची सुंता त्याने केली आणि तीताची होऊ दिली नाही. उघड अनाचाराबाबत तर मंडळीने आतल्यांचा न्याय करायचाच आहे (1 करिंथ 5:12).

पुढील इतिहास थोडक्यात. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) यहूदी पंचांगातील निसान महिन्याच्या 14 तारखेच्या हिशेबाने पाळावा की रविवारीच, यावर स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प आणि रोमचा बिशप अनिसेटस यांचे सुमारे 155 मध्ये एकमत झाले नाही, तरी त्यांनी सहभागिता मोडली नाही. सुमारे 190 मध्ये रोमचा बिशप व्हिक्टरने आशियाच्या मंडळ्यांना तोडू पाहिले, तेव्हा बिशप इरेनियसने हाच दाखला दिला. 1548 नंतर जर्मनीत सक्तीने लादलेल्या विधींवरून मेलांक्थॉन व फ्लेशियस या लुथरन पंडितांचा वाद झाला. फ्लेशियसचे म्हणणे असे की एरवी ऐच्छिक असलेली बाब छळाखाली कबुली म्हणून मागितली की ऐच्छिक राहत नाही. 1577 च्या लुथरन मतसंहितेत, दहाव्या कलमात, हीच भूमिका आली. ‘आवश्यकात ऐक्य, ऐच्छिकात स्वातंत्र्य, सर्वांत प्रीती’ हे सूत्र ऑगस्टीनचे म्हणून सांगतात, पण ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे.

कोल्हापूर. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरास 1852 मध्ये आला आणि 1870 मध्ये हे मिशन अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. शहरातील वायल्डर मेमोरिअल चर्च त्याच्याच नावाने आहे. म्हणून येथील जुन्या मंडळ्यांच्या मागे वेस्टमिन्स्टर मतांगीकाराचा (प्रेसबिटेरियनांच्या श्रद्धेचा लेखी जाहीरनामा) विसावा अध्याय (सदसद्विवेकबुद्धीचा धनी एकटा देव) आणि भल्या माणसांत ज्यांबाबत मतभेद होऊ शकतो अशा बाबींत परस्पर सहनशीलता हे कर्तव्य ठरवणारे अमेरिकन प्रेसबिटेरियनांचे 1788 चे तत्त्व, असे दोन्ही उभे आहेत.

करिंथचे चारही प्रसंग येथे जसेच्या तसे सापडतात. मूर्तीला दाखवलेल्या पदार्थांसाठी मराठी बायबलनेही ‘नैवेद्य’ हाच शब्द घेतला आहे. दुकानातले मटण हा पहिला प्रसंग. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेच्या दिवसांत गल्लोगल्ली बकरी पडतात आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे डबे शेजारी जातात. हा दुसरा, पण देणाऱ्याने ‘देवीला दाखवून आणलंय’ म्हटले की तिसरा. यात्रेच्या पंगतीला बसणे हा चौथा. अंबाबाईच्या प्रसादाबाबत ‘प्रसाद’ हा शब्दच ती सूचना असतो, असे कडक बाजूचे म्हणणे. मोकळी बाजू म्हणते की शेजारीण गोड पदार्थ देते आहे, उपासना मागत नाही. नाकारायचे असेल तर डबा येण्याआधी, एकदाच आणि कारणासह सांगणे बरे. घेऊन मागच्या दारी टाकून देणे सर्वांत वाईट. शेजाऱ्याचा अपमान होतो आणि ते पाहणाऱ्या घरच्या मुलांना विवेक कळत नाही, लपवाछपवी तेवढी कळते. कुंकू, काळ्या मण्यांत क्रूस ओवलेले मंगळसूत्र, साखर कारखान्याच्या हंगामातली रविवारची पाळी, प्रभुभोजनात द्राक्षारस की मनुकांचा उकळलेला रस, हे इतर नेहमीचे मुद्दे.

पाळक व पंच (मंडळीचे वडील) यांच्यापुढे असा प्रश्न आला की क्रम महत्त्वाचा. आधी शास्त्रात आज्ञा वा मनाई आहे का ते पाहायचे. असल्यास विषय येथेच संपतो. नसल्यास, करणारा त्याबद्दल देवाचे आभार मानू शकतो का (14:6) आणि त्याच्या मनाची पुरती खात्री झाली आहे का (14:5). मग अडखळतो कोण. येथे बहुतेक पंचमंडळे चुकतात. अडखळणे म्हणजे नापसंत वाटणे नव्हे. दुसऱ्याचे पाहून, मन साक्ष देत नसताना, तेच करण्यास धजावणे म्हणजे अडखळणे (1 करिंथ 8:10). पन्नास वर्षे कुंकू न लावलेल्या आजीबाईंना सुनेचे कुंकू खटकते, पण त्या ते पाहून स्वतः लावणार नाहीत. त्या अडखळलेल्या नाहीत. नव्याने बाप्तिस्मा घेतलेला तरुण पंच मंडळींना यात्रेच्या पंगतीत पाहून जुन्या नवसाकडे वळला, तर तो अडखळला. धर्मसुधारक कॅल्विनने ‘दिलेली’ (करणाऱ्याच्या चुकीने) व ‘घेतलेली’ (पाहणाऱ्याने स्वतः ओढवलेली) अडखळण असा भेद केला तो यासाठीच. हा भेद न केल्यास सर्वांत तक्रारखोर माणूस मंडळीचा नियम ठरवतो.

दुसरी चूक उलट दिशेची. पैशाचा अपहार किंवा घरातली मारहाण ‘ज्याची त्याची खात्री’ म्हणून सोडून दिली जाते. तिसरी चूक कागदावरची. एखाद्या पंचमंडळाची पसंती विवाहाच्या अर्जात अट म्हणून छापली गेली की ऐच्छिक बाब नकळत नियम बनते, आणि पुढची पिढी तिला शास्त्र समजते.

बाप्तिस्म्याबाबत तोडगा लेखी आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) स्थापन झाली. तिचा कोल्हापूर धर्मप्रांत आहे. तिच्यात बाप्टिस्टही आल्यामुळे बालबाप्तिस्मा आणि जाणत्या वयातील बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय मान्य झाले. आईबाप बाळाला पाण्याकडे नेऊ शकतात, किंवा केवळ समर्पण करून मूल मोठे होईपर्यंत थांबू शकतात. एकदा झालेला बाप्तिस्मा मात्र पुन्हा करता येत नाही.